नोडवर कोणी कोणी उठायचं

कोणतीही व्यवस्था किती प्रगत आहे, हे ती सकाळी कोणाकोणाला उठवते यावरून ठरतं. घरात कामावर जाणार असतो एक माणूस आणि उठतात सगळे. कारण मिक्सर. कॉम्प्युटरचंही तसंच. बटण दाबलं की त्याच्या पोटात शंभरेक छोटे प्रोग्राम उठून बसतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. (सर्व्हिस म्हणजे जी वेळेवर उठते, जागा अडवते आणि नक्की काय करते ते कोणी विचारत नाही. नोकरीलाही हाच शब्द आहे, तो योगायोग समजावा.)

मानपाड्याच्या एका कंपनीत अशी आठ मशीनं एकमेकांना जोडून ठेवली होती. केमिकलच्या टाकीत पंखा फिरवला तर आतला माल कसा ढवळला जाईल, याचं गणित आठही मशीनं मिळून सोडवायची. त्यातल्या एकेकाला म्हणायचं नोड. नोडांचं काम पंगतीसारखं चालतं. एकाचं पान संपत नाही तोवर बाकीचे हात वाळवत बसतात. म्हणून कुठल्याही नोडवर फालतू सर्व्हिस उठता कामा नये. कोणी उठायचं आणि कोणी झोपून राहायचं, हे ठरवायची जबाबदारी विठ्ठलवाडीच्या साईनाथवर होती.

साईनाथ स्वयंशिक्षित. म्हणजे हे सगळं तो व्हिडिओ बघून शिकलेला, तेही दीडपट स्पीडवर. त्यामुळे आपलं ज्ञान इतरांच्या दीडपट आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तो प्रोबेशनवर होता. पर्मनंट व्हायचं तर शुक्रवारी क्लायंटसमोर गणित सुटलेलं दिसायला हवं होतं. आणि आईने, म्हणजे नंदाताईंनी, तो पर्मनंट झाल्याचं बिल्डिंगमध्ये आधीच सांगून टाकलेलं. (पेढे वाटून झाले होते. पेढे परत मागता येत नाहीत.)

त्याच्या बॉस क्षिप्रा मॅडम. माजिवड्याहून यायच्या, बोलायच्या कमी.

"साईनाथ, नोडवर गरजेच्या आहेत तेवढ्याच सर्व्हिस चालू ठेव. बाकी बंद."

"हो मॅडम. गरजेच्या म्हणजे कुठल्या?"

"अरे, तेच तर तुझं काम आहे."

साईनाथने सखोल अभ्यास केला. प्रिंटरची सर्व्हिस. ऑफिसात प्रिंटर नाही, पण उद्या आला तर? चालू. आवाजाची सर्व्हिस. मशीनला स्पीकर नाही, पण बिचारी कोणाला त्रास देते का? चालू. ब्लूटूथ चालू, कारण बंद केलं आणि वरच्या कोणाचा इयरफोन चालेनासा झाला तर नाव साईनाथचं. अशा रीतीने नव्याण्णव टक्के सर्व्हिस अत्यावश्यक ठरल्या. उरलेल्या एक टक्क्यात निर्णयक्षमता दाखवायची होती. काहीतरी बंद केलेलं दिसायला तर पाहिजे.

आणि त्याला घड्याळाची सर्व्हिस सापडली. काम काय, तर आठही मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळवत राहणं. दिवसभर. बस.

साईनाथला हसायलाच आलं. त्याच्या घरात हॉलचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, किचनचं सात मिनिटं पुढे, बाबांचं मनगटावरचं चार मिनिटं मागे (सेल उतरत आलेला). तरी घरातल्या कोणाचं आजवर काही अडलेलं नाही. आपल्याकडचं पहिलीतलं पोरही घड्याळ बघितलं की आधी वजाबाकी करतं, मग वेळ सांगतं. ही मशीनं तर गणितासाठीच आणलेली. करतील की वजाबाकी.

बंद.

गुरुवारी त्याने सगळी मशीनं रीस्टार्ट केली. पाचव्या मशीनच्या आतला सेल कधीचा उतरलेला. आजवर घड्याळाची सर्व्हिसच ते झाकून घेत होती. ती बंद, त्यामुळे ते मशीन थेट गेल्या वर्षात जाऊन उठलं. बाकीच्यांचे निरोप त्याला भविष्यातले वाटले, म्हणून त्याने सुरक्षेच्या नियमानुसार नाकारले. बाकीच्यांनी त्याचे शिळे म्हणून नाकारले. वजाबाकी सगळ्यांना येत होती, समजून घेणं कोणालाच येत नव्हतं. पंगत बसली ती बसलीच.

शुक्रवारी क्लायंटने चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, पडद्यावरचं शून्य टक्के बघितलं. "ब्लूटूथ मात्र पटकन कनेक्ट झालं हं," एवढं म्हणून तो गेला.

मॅडमनी घड्याळाची सर्व्हिस एका ओळीत चालू केली. चिडल्या नाहीत, हे जास्त वाईट.

"मॅडम, मला काढणार का?"

"ते आत्ता कसं सांगू? एखादी सर्व्हिस लागते का नाही, हे कळायची एकच रीत आहे. बंद करायची आणि बघायचं, कोण ओरडतंय."

"मग कुठली बंद करू?"

"तू सोमवार-मंगळवार घरी बस."

साईनाथ घरी बसला. फोन चार्जिंगला, आवाज फुल. आईला सांगितलं, वर्क फ्रॉम होम. सोमवारी एकच फोन आला, क्रेडिट कार्ड घ्या म्हणून. त्या बाईंशी तो बराच वेळ बोलला. मंगळवारी दुपारी अकाउंट्सच्या प्रियांकाचा फोन.

"अरे कुठेयस तू? एसीचा रिमोट कुठे ठेवलास? मशीनं तापलीत सगळी."

"खिडकीत बघ. श्रीखंडाच्या डब्यात."

"हां, मिळाला. चल, ठेवते."

मॅडमनी हा कॉल 'ओरडणे' या सदरात धरला. बुधवारी साईनाथ रीतसर पर्मनंट झाला. जबाबदारी: वातावरण नियंत्रण. नंदाताईंनी बिल्डिंगमध्ये सांगितलं, पोराचं प्रमोशन झालं.

हसा. साईनाथही हसतो. फक्त तुम्ही स्वतः कुठे कामाला असाल तर एकदा दोन दिवस कोणाला न सांगता घरी बसून बघा. फोन आलाच नाही तर लगेच घाबरायचं नाही. आधी तो सायलेंटवर नाही ना, ते बघायचं. बहुतेक लोक चार-पाचदा बघतात.