शिशाचा पट्टा

हुबळी-धारवाडात माझ्याइतकं चोख कानडी बोलणारा मराठी माणूस दुसरा नाही, असं माझं ठाम मत होतं. पंचवीस वर्षांत हे मत मी एकाही कानडी माणसाला विचारून पाहिलं नव्हतं, म्हणून ते टिकून होतं.

अठ्ठ्याहत्तर साली, दिवाळी झाल्यावर, माझ्या मुलाचं पत्र आलं. वेंकटेश कारवारला एका गोदीत पाणबुड्या आहे. बोटींच्या पोटाखाली जाऊन ठोकाठोक करतो. त्याची आई, जयलक्ष्मी, गेल्यापासून तो वर्षातून एकदा यायचा. आम्हा बापलेकांना बोलायला दोनच विषय आहेत : पाऊस आणि बसची वेळ. पहिल्या चहाला पाऊस संपतो, दुसऱ्या चहाला बस. जयलक्ष्मी असताना दोघांच्या वतीनं तीच बोलायची, त्यामुळे आम्हाला कधी सराव झाला नाही.

पत्रात होतं, ‘अप्पा, पुढच्या महिन्यात दोन दिवस येतो. तुम्हाला उणकलच्या तळ्यात खाली नेऊन आणावं म्हणतो. हवेच्या टाक्या मी आणतो, पाऊण तास पुरतात. मास्क, पायातले फिन आणि शिशाचा पट्टा तुम्ही बघा. ते मापाचं लागतं.’

मी पत्र चार वेळा वाचलं. पाण्याखाली बोलता येत नाही! म्हणजे अख्खा पाऊण तास आम्ही शेजारीशेजारी असणार आणि पावसाचा विषय निघणार नाही. मी तयारीला लागलो.

खेळाच्या दुकानदारानं आधी मोटरसायकलचा गॉगल पुढे केला.

“पाण्याखाली घालायचाय,” मी म्हटलं.

“मग सावकाश चालवा,” तो म्हणाला.

शेवटी त्यानं गोव्याहून मास्क आणि फिन मागवून दिले. घरी आल्यावर मी मास्क लावून आरशासमोर उभा राहिलो. आत एक चिंतातुर मासा दिसला. घरात दुसरा चेहरा पाहून बरं वाटलं. मग फिन घालून स्वयंपाकघरापासून दारापुढच्या ओट्यापर्यंत फेऱ्या मारल्या. शेजारच्या कृष्णाबाईंनी दारावर टकटक केलं.

“मास्तर, फटाक फटाक आवाज येतोय. पाहुणे आलेत काय?”

“यायचेत,” मी म्हटलं.

राहिला पट्टा. माणसाचं अंग पाण्यात वर येतं, म्हणून पाणबुड्या कमरेला शिसं बांधतो. बाजारात सटवाजी नावाचा कातडी पट्टे शिवणारा कारागीर होता. मी त्याला खास धारवाडी कानडीत, एकेक शब्द तोलून सांगितलं, की तळ्यात उतरायचं आहे, कमरेला बांधायला पट्टा हवा, त्यात “एंटु शीशे” हवेत. एंटु म्हणजे आठ.

सटवाजीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कानडीतच विचारलं, “गट्टि बेकेन्री?” म्हणजे घट्ट, भरीव हवेत का?

“भाळ गट्टि,” मी म्हटलं, म्हणजे अगदी घट्ट. शिसं पोकळ घेऊन काय करायचं?

“आत्‌ री,” तो म्हणाला. होईल.

ठरलेल्या सकाळी वेंकटेश गोदीच्या जीपमधून आला. सटवाजी पट्टा थेट तळ्यावर आणून देणार होता. तळ्यावर त्यानं माझ्या पाठीला टाकी बांधली, नळी तोंडात धरायला शिकवली, दगड बांधलेला एक दोर पाण्यात सोडला.

“दोनच पुरुष पाणी आहे. पट्टा आला की बांधा आणि दोर धरून खाली या. मी तळाशी थांबतो,” तो म्हणाला आणि गेला.

तेवढ्यात सटवाजी सायकलवरून पट्टा घेऊन पोचला. आठ कप्पे, तोंडं पक्की शिवलेली. पट्टा हाताला हलका लागला. महिनाभर घातलेल्या सूर्यनमस्कारांचा हा परिणाम, असं मी धरून चाललो. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो.

उतरलो. डोकं खाली गेलं, पाय खाली गेले, मधला भाग जाईना. दोर ओढला की मी हातभर खाली जायचो आणि दोर सुटला की बुचासारखा वर. अखेर पार्श्वभाग आकाशाकडे करून मी तळ्यावर स्थिर झालो. काठावर धुणं धुणारी एक बाई ओरडली, “मास्तर, काय हरवलंय?”

खालून बुडबुडे येत होते, एका जागी, सावकाश. ते वेंकटेशचे. मी त्यांच्यावर तरंगत राहिलो. पाऊण तास.

तो वर आला, मला पाहिलं आणि कुत्र्याच्या पिल्लाला ओढावं तसं ओढत काठावर नेलं. सटवाजी अजून तिथंच उभा होता, खुशीत.

“बाटल्यांनी बुडू दिलं नाही बघा, सर,” तो स्वच्छ मराठीत म्हणाला.

कानडीत शिसं म्हणजे सीस आणि शीशे म्हणजे बाटली. आठ बाटल्या, बुचं घट्ट ठोकून, कापसात गुंडाळून. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधतात, तशी त्यानं माझी सोय केली होती.

“तुम्ही मराठी?” मी विचारलं.

“अळनावरचा की ओ. घरात मराठीच.”

“मग माझ्याशी कानडीत का बोललात?”

“तुम्ही मराठी असता तर मराठीत बोलला असता, म्हटलं.”

या तर्कात मला अजून चूक सापडलेली नाही.

वेंकटेश टॉवेलनं डोकं पुसत होता. “खाली नुसता गाळ होता, अप्पा. हात दिसत नव्हता. तुम्ही याल म्हणून दोर धरून बसलो.”

“मी वरच होतो. तुझे बुडबुडे दिसत होते.”

तो हसला. मग आम्ही चहा घेतला, आणि पाऊस यंदा बरा झाला असं ठरलं. रजा दुसऱ्या दिवसाचीही होती, पण जीप संध्याकाळी परत निघाली आणि तो तिच्यात बसला.

“शिसं आणून ठेवा. पुढच्या वेळी जाऊ,” तो म्हणाला.

मी सोमवारीच आणलं, आठ किलो. दुकानात बोटानं दाखवलं, तोंड उघडलं नाही. आता त्याला तिसरं वर्ष, ती पुढची वेळ अजून आलेली नाही. पुढचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून ते दाराला लावून ठेवलंय.

“मास्तर, दार सारखं उघडंच का ठेवता?” कृष्णाबाई विचारतात.

मी सांगतो, शिसं फार जड आहे हो, बाजूला करायला उचलत नाही.