चॅनल मोकळं आहे का?

"यंदा जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला!" मंडळाच्या बैठकीत रघुवीररावांनी टेबलावर मूठ आपटली. "गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली कोशिंबिरीचा निरोप सापडला नाही. यंदाची सहल रेडिओवर चालेल!"

रघुवीररावांचं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. तिथे शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. त्यामुळे निवृत्त होऊन परदेशात, बेडोक उपनगरातल्या नव्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्यावर त्यांना बोलण्याची जी भूक लागली, ती एकट्या गिरिजाबाईंच्याने भागेना. मग त्यांनी सिटिझन्स बँडचा, म्हणजे ऐकताही येतं आणि बोलताही येतं असा, रेडिओ आणला आणि हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारी मांडला. तिन्हीसांजेला दूर समुद्रावर जहाजांचे दिवे लागत, तसे घरात रेडिओचे लागत. रघुवीरराव त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत, ती नजर गिरिजाबाईंना लग्नानंतर पहिली दोन वर्षं मिळाली होती.

सहलीसाठी चक्का फेटता फेटता गिरिजाबाई गुणगुणत होत्या,

"कंथ माझा बाई, वाऱ्यासंगं बोलतो,
उंबऱ्यातल्या हाकेकडे कानाडोळा करतो."

"मला काही म्हणालीस का?" रघुवीररावांनी हेडफोन काढून विचारलं.

"म्हणाले ना! जेवण वेळेवर पानात पडलं, तर हा रेडिओचा डबा हॉलमध्ये राहील. नाही पडलं, तर शेल्टरमध्ये जाईल!"

रघुवीररावांचा चेहरा फ्यूज उडाल्यासारखा झाला. शेल्टर म्हणजे फ्लॅटमधली ती पोलादी दाराची, हातभर जाड भिंतींची खोली. बांधली बॉम्बपासून वाचायला. सगळे तिच्यात जुन्या बॅगा ठेवतात. "अगं, तिथे रेडिओची एकही लहर पोचत नाही!"

"म्हणूनच!" असं म्हणून गिरिजाबाईंनी वेलची कुटली.

रघुवीरराव ईर्षेला पेटले. हातात धरायचे रेडिओ आणले, स्वयंसेवकांना हॉलमध्ये बसवलं आणि रिवाज शिकवले.

"एक नंबरचं चॅनल फक्त हाक मारायला. ओ मिळाली की दुसरं चॅनल ठरवायचं आणि तिकडे जाऊन बोलायचं. एक नंबरवर गप्पा मारणारा म्हणजे दुसऱ्याच्या दारात पाय पसरून बसणारा!"

"असा कायदा आहे का, काका?" प्रतीकनं विचारलं. तो बँकेत नियमपालन खात्यात होता. न लिहिलेला नियम त्याला पचत नसे.

"कायदा नाही, रीत आहे! दुसऱ्यांचं बोलणं चालू असताना मधे घुसायचं नाही. आणि काही करण्याआधी तीनदा विचारायचं, 'चॅनल मोकळं आहे का?' उत्तर नाही, म्हणजे मोकळं. मग खुशाल पुढे जायचं."

प्रतीकनं हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. सहलीच्या सकाळी रघुवीररावांनी तो मोबाइलही काढून घेतला. सगळ्यांचेच घेतले, आवाज बंद करून पिशवीत घातले आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "शिस्त म्हणजे शिस्त!"

ईस्ट कोस्ट पार्कमध्ये पोचल्यावर त्यांनी ठरलेली जागा बदलली. नव्या जागी सावली नव्हती, नळ लांब होता. पण रेडिओवर आवाज कसा घंटेसारखा येत होता! जेवणाची गाडी घेऊन येणाऱ्या प्रतीकला नवी जागा एक नंबरवर सांगायची, एवढंच काम उरलं.

सुरुवात दृष्ट लागण्यासारखी झाली. स्वयंसेवकांपैकी नीलिमानं पद्माकरला एक नंबरवर हाक मारली, दोघं पाच नंबरवर गेली. संगीतखुर्चीच्या खुर्च्यांवरून भांडण जुंपलं. ते मिटवायला ऋता तिकडे गेली. तिघंही परत येईनात, म्हणून त्यांना एक नंबरवर परत पाठवायला स्वतः रघुवीरराव पाच नंबरवर गेले.

आणि एक नंबर ओस पडला.

साडेबाराला तिथे प्रतीकचा आवाज उमटला. "काका, जेवण आलंय. कुठे आणू?" समुद्रानं ऐकलं, माडांनी ऐकलं. पाच नंबरवर खुर्च्या चालू होत्या.

रेडिओवाल्यांची अजून एक रीत आहे. हाकेला कुणीच ओ दिली नाही, तर ज्यानं ऐकलं त्यानं द्यायची. पलीकडच्या वळणावर बेडोकच्या रेडिओवाल्या अंकल लोकांची बैठक होती. त्यांतल्या अंकल कोहनी वाक्याला 'लाह' जोडायच्या तिथल्या इंग्रजीत ओ दिली.

"यू कम हिअर फर्स्ट लाह. हिअर गॉट शेड. आय फाइंड युवर पीपल."

अंकल कोह एकेक चॅनल धुंडाळत पाच नंबरवर पोचले. "हॅलो, युवर लंच—"

"सर!" रघुवीरराव कडाडले. "धिस चॅनल इज इन यूज! प्लीज कॉल ऑन चॅनल वन!"

"ओ, सॉरी, सॉरी." अंकल रीतीचे पक्के. ते एक नंबरवर गेले, हाक मारत राहिले, कुणी नाही म्हणून परत आले. "चॅनल वन नोबडी लाह! युवर लंच—"

"देन वेट देअर, सर! देअर इज अ प्रोसीजर!"

अंकल पुन्हा गेले.

"बघा!" रघुवीरराव पाच नंबरवर अभिमानाने म्हणाले. "एवढे म्हातारे गृहस्थ, पण एका शब्दावर गेले. याला म्हणतात संस्कार!"

दीड वाजला. पोरं गवत खाणाऱ्या बकऱ्यांसारखी चिप्सच्या रिकाम्या पाकिटांत तोंड घालू लागली. "आजोबा, सो हंग्री लाह!" असा नारा उठला. गिरिजाबाई उठल्या, पदर खोचला आणि कुठलंही चॅनल न लावता चालू लागल्या. वळणावरच्या झाडांमागे त्यांना गाडी दिसली. मागोमाग धापा टाकत रघुवीरराव आले.

पुऱ्या, भाजी, मसालेभात सगळं झाकलेलं. अंकल लोकांनी त्यावर स्वतःच्या छत्र्या धरल्या होत्या. एका घासालाही हात लावला नव्हता. श्रीखंडाचं पातेलं मात्र आरशासारखं लख्ख होतं.

"प्रतीक!!"

"काका, उन्हानं पातळ व्हायला लागलं होतं," प्रतीक शांतपणे म्हणाला. "मी एक नंबरवर विचारलं, 'श्रीखंड या लोकांना वाढू का? कुणाची हरकत?' तीनदा विचारलं. उत्तर नाही, म्हणजे मोकळं. तुम्हीच शिकवलंत."

"व्हेरी नाइस, दिस यलो वन," मिशीला केशर लागलेले अंकल कोह म्हणाले आणि त्यांनी एक झाकलेली वाटी अदबीनं पुढे केली. "फॉर युवर बॉस. व्हेरी स्ट्रिक्ट मॅन. गुड चॅनल मॅनर्स."

गिरिजाबाईंनी वाटी घेतली. ती जपून घरी आणली.

घरी पोचल्यावर रघुवीररावांनी स्वतःच रेडिओ उचलला. शेल्टरमधल्या बॅगांवर मांडला, दार लावून घेतलं, हेडफोन चढवला. चारही बाजूंनी पोलाद आणि काँक्रीट. अगदी इंजिनरूममध्ये परतल्यासारखं वाटलं. त्यांनी बटण दाबून विचारलं, "चॅनल मोकळं आहे का?" तीनदा विचारलं. कुणीच बोललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळीच्या सगळी चॅनलं त्यांना मोकळी मिळाली होती! ते भरभरून बोलू लागले.

बाहेर गिरिजाबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दारावर टकटक केली.

"अहो, श्रीखंड खाताय का?"

त्यांनी तीनदा विचारलं.

मग तिथेच उंबऱ्यावर बसून, बोट फिरवून, त्यांनी वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.