हरकतीवर हरकत

गल्लीत त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. होते ते विमा कंपनीत कारकून. पण समोरच्याला बोलू न देण्याची कला पक्की वकिली होती. त्या शनिवारी बायकोने त्यांना नुसता डबा दुरुस्तीला टाकायला पाठवलं. वाटेत नगररचना कार्यालय लागलं. शहराचा नवा आराखडा लोकांना बघायला ठेवलाय असं कळलं आणि वकीलसाहेब आत डोकावले. (डबा अजून तिथेच कुठेतरी आहे.)

टेबलावर पसरलेल्या नकाशाभोवती ही गर्दी! वकीलसाहेबांना जागा मिळाली ती पलीकडच्या बाजूला. तिथून वाकून त्यांनी आपली इमारत शोधली. इमारतीमागच्या मोकळ्या जागेवर चक्क बस डेपो!

संध्याकाळपर्यंत गल्ली पेटली. "मी आहे ना!" म्हणत त्यांनी हरकत लिहिली, 'आमच्या इमारतीमागचं आरक्षण तातडीने रद्द करावं', आणि घरोघर सह्या घेतल्या. बायको तेवढी म्हणाली, "अहो, नकाशा नीट बघितलात ना?"

"डोळे आहेत मला!"

सुनावणीच्या दिवशी दालन भरलेलं. वकीलसाहेब उठले ते थांबेचनात. "धूर! हॉर्न! पहाटेपासून कंडक्टरांच्या शिट्ट्या! साहेब, आम्ही जगायचं कसं?"

अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बागेत कंडक्टर कशाला येतील?"

"बाग?"

"तुमच्या मागे बागेचं आरक्षण आहे. डेपो कालव्यापलीकडे. नकाशा उलट्या बाजूने पाहिलात का?"

वकीलसाहेब हातातली हरकत उलटसुलट करून बघू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून काळा कोट उठला. हा खराखुरा वकील. त्याच्या बिल्डरला तिथे टॉवर उभारायचा होता आणि बागेविरुद्ध तो कोर्टात गेला होता. "नोंद घ्यावी," तो गोड हसला, "रहिवाशांनाच बाग नकोय."

गल्लीतले सगळे डोळे वकीलसाहेबांच्या पाठीत रुतले. तेव्हा मागून बायको उभी राहिली.

"साहेब, हरकतीवर हरकत घेता येते?"

"मुदत संपली, बाई."

"लग्नाला वीस वर्षं झाली. ह्यांच्यावर मी रोज घेते. तिथे कुठे मुदत संपते?"

दालन हसून लोटपोट झालं. अधिकारीही हसले. "तुमची नाही घेता येणार. पण ह्यांना आणि सह्या केलेल्यांना हरकत मागे घेता येईल. आत्ता, इथेच."

"घेतली!" वकीलसाहेब एवढ्या जोरात ओरडले की शिपाई दचकला. पाठोपाठ सगळी गल्ली ओरडली. सह्या झाल्या. काळ्या कोटाने मुकाट्याने फाइल मिटली.

पुढे बिल्डरचा दावा कोर्टाने फेटाळला. बागेविरुद्ध एकाही रहिवाशाची हरकत शिल्लक नाही, असंही न्यायाधीशांनी नमूद केलं. ही बातमी ऐकून वकीलसाहेब जे खुर्चीत बसले, ते तासभर नुसते श्वास घेत होते. स्वतः हरण्याइतकं सुख त्यांना कधी कशात मिळालं नव्हतं.

मग बाग धरून सगळ्या परिसराचा आराखडा आला, सूचनांसाठी. तो वाचायचं काम गल्लीने एकमताने वकीलसाहेबांच्या बायकोवर, म्हणजे गल्लीच्या वहिनींवर सोपवलं. वकीलसाहेबांचा मान राखायचा म्हणून त्यांनाही एक काम दिलं: सारख्या गुंडाळल्या जाणाऱ्या नकाशाचे कोपरे दाबून धरायचं. ते त्यांनी जीव ओतून केलं.

वहिनी बराच वेळ शोधत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, अंगठा उचला. त्याखाली बाग आहे."