सासूबाई आणि भाड्याचा मिक्सर

कंत्राटदाराच्या सासूबाई वर्षभर झोपल्या नव्हत्या. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि ते खोडून काढायची घरात कुणाची छाती नव्हती, कारण त्या जाग्या असल्या की दुसऱ्या कुणालाही झोपू देत नसत. अंधारात उशाशी येऊन त्या हळूच विचारायच्या, "जावईबापू, जागे आहात का?" आता या प्रश्नाला माणसाने उत्तर तरी काय द्यावं? गप्प राहिलं तर त्या हलवून विचारायच्या.

दुखणं साधं होतं. सासरे होते तोवर घोरायचे. तेही असंतसं नाही, खिडकीची तावदानं थरथरायची. सासूबाईंनी त्या घोरण्याला जन्मभर नावं ठेवली, आणि सासरे गेल्यावर त्यांना कळलं की त्या आवाजाशिवाय आपल्या डोळ्याला डोळा लागत नाही. लेकीकडे राहायला आल्या, खोली बदलून झाली, उशी बदलून झाली, गोळ्याही घेऊन झाल्या. झोपेचा पत्ता नाही.

अशात कंत्राटदाराने शेजारच्या कुंपणाच्या भिंतीसाठी काँक्रीटचा मिक्सर भाड्याने आणला. भिंत उभी राहिली. मिक्सर परत द्यायच्या आधी धुवावा म्हणून त्याने तो अंगणात घेतला, ड्रममध्ये पाणी आणि घमेलंभर खडी टाकली आणि बटण दाबलं. खडी आतून घासत राहते आणि चिकटलेलं सिमेंट सुटतं, एवढाच त्यातला हेतू.

मिक्सर जुना होता, विजेवर चालणारा. खडी घर्रर्र करत वर चढायची, मग पट्टा जरासा घसरायचा, फुस्स असा आवाज यायचा, क्षणभर सगळं थांबायचं आणि पुन्हा घर्रर्र सुरू व्हायचं. सासूबाई व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. सोलता सोलता त्यांचा हात मंदावला, मान एका बाजूला कलली आणि मांडीवरचं ताट सावकाश घसरत जमिनीवर आलं.

"अहो, आई बघा कशी करतेय!" बायको धावत बाहेर आली. मग तिने कान दिला आणि तिचे डोळे भरून आले. "अहो, हे तर बाबा!"

"बाबा कसले? पट्टा सैल झालाय त्याचा."

"खबरदार घट्ट केलात तर!"

त्या दुपारी त्या घरात जे झालं त्याला झोप म्हणणं फार थोडं होईल. ऊन पायऱ्या उतरून अंगणात आलं आणि तिथेच पसरलं. बायको आईच्या पायाशी लवंडली. मांजर मिक्सरखाली वेटोळं घालून पडलं. कंत्राटदार बटण बंद करायला म्हणून उठला, दोन पावलं चालला आणि विटांच्या चळतीला टेकून बसला. आपण कुठल्यातरी मोठ्या, उबदार पोटावर डोकं ठेवून पडलोय आणि ते पोट संथपणे वरखाली होतंय, असं त्याला वाटत राहिलं. तो जागा झाला तेव्हा मिक्सर न्यायला आलेला टेम्पोवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता.

"उद्या या," कंत्राटदार त्याला उठवून कुजबुजला.

हा उद्या काही उजाडेना. मिक्सर राहिला आणि भाडं चढत गेलं. पुढे पुढे घरच्यांना मिक्सरच्या खोडीही कळल्या. एक घमेलं खडी टाकली की सासरे पोटभर जेवून झोपल्यासारखे घोरायचे, दोन टाकली की सर्दी झाल्यासारखे. सासूबाईंच्या गालांवर रंग आला. त्या सगळ्यांशी गोड बोलू लागल्या, आणि याचीच कंत्राटदाराला जास्त धास्ती वाटायला लागली. आता मिक्सर परत कुठल्या तोंडाने करायचा?

भाड्याने मशीन देणाऱ्या गृहस्थांना सगळे मशीनवाले म्हणत. एकटा जीव, आवाज चढा, वसुलीला एकदम कडक. त्यांचा फोन आला.

"मिक्सरचं काय झालं?"

"हळू बोला. झोपल्यात."

"कोण झोपल्यात?"

"सासूबाई."

"अहो, मी मिक्सरचं विचारतोय!"

"मीपण मिक्सरचंच सांगतोय."

मशीनवाल्यांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. त्यांनी तडक परवाना कार्यालयात तक्रार ठोकली. कामासाठी आणलेल्या यंत्राचं भाडं बुडवलं तर कंत्राटदाराचा परवाना रद्द होतो, असा नियम होता. आणि परवाना गेला की कंत्राटदाराला स्वतःच्या घराची पायरीसुद्धा बांधता आली नसती. सुनावणीला मिक्सरसकट हजर राहा, असं बोलावणं आलं.

परवाना कार्यालयातले साहेब चष्मा पुसत म्हणाले, "एका मिक्सरसाठी एवढं भांडण? मी घरचा दुरुस्त करून आणला, किती स्वस्तात झाला."

"साहेब, हा काँक्रीटचा मिक्सर आहे," मशीनवाले कडाडले. "चार माणसं लागतात हलवायला!"

"असं होय. बरं, कंत्राटदार, इतके दिवस काय बांधत होतात त्याने?"

"काहीच नाही, साहेब. सासूबाईंना झोपवत होतो."

कारकुनाने लिहिता लिहिता मान वर केली. "मिक्सरमध्ये?"

"मिक्सरमध्ये कशाला झोपू?" सासूबाई उसळल्या. त्या लेकीला घेऊन साक्षीदार म्हणून आल्या होत्या. "मी बाहेर झोपते. हा फक्त घोरतो."

साहेब म्हणाले, "मला हे दिसल्याशिवाय पटायचं नाही."

मग काय, खिडकीतून वायर सोडली, कार्यालयाच्या मागच्या आवारात मिक्सर लावला, खडी टाकली. लिंबाच्या सावलीत एक बाक होतं, त्याच्या एका टोकाला सासूबाई बसल्या आणि दुसऱ्या टोकाला, फसवाफसवी होऊ नये म्हणून, डोळे वटारून मशीनवाले. ड्रम फिरू लागला. सासूबाईंची मान लगेच कलली. पुढच्या फेऱ्यांत कारकून भिंतीला टेकला, शिपायाने पायरीवर अंग टाकलं, झाडावरची पाखरंसुद्धा चूप झाली. आवारात एक मऊशी गुंगी भरून राहिली. साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला तेव्हा ते दचकले, स्वतःला चिमटा काढत मिक्सरपाशी गेले आणि त्यांनी बटण बंद केलं.

आवाज चालूच राहिला. घर्रर्र. फुस्स. घर्रर्र.

साहेबांनी बटण पुन्हा दाबून बघितलं. कंत्राटदाराने वायर उपसली. ड्रम गप्प उभा होता. मग दोघांनी एकदम बाकाकडे वळून पाहिलं. मशीनवाले मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून घोरत होते, आणि सासूबाई तशाच गाढ झोपल्या होत्या, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू घेऊन.

बायकोने नवऱ्याचा दंड धरला. "अहो, फुस्ससुद्धा तस्संच!"

कंत्राटदाराचं डोकं आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या झपाट्याने चाललं. "साहेब, मिक्सर आत्ता परत देतो. पैसेही देतो, पण रोज थोडे थोडे. फक्त हप्ता घ्यायला यांनी स्वतः घरी यावं. दुपारी. जेवण झाल्यावर."

साहेबांनी तसाच हुकूम लिहिला. एक हप्ता जरी चुकला आणि तक्रार आली, तर परवाना रद्द.

मशीनवाले दुसऱ्या दिवशी तावातावाने आले, पैसे मोजून घेतले आणि "जरा टेकतो" म्हणत व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसले. मग रोजच टेकू लागले. पुढे ते जेवायलाच येऊ लागले, आणि सासूबाई त्यांच्या आवाजाला नावं ठेवू लागल्या. ते ऐकून बायकोला फार बरं वाटलं. असेच ऊन कलत गेलं, महिने सरत गेले, आणि अखेर शेवटचा हप्ता उरला.

"जावईबापू, उद्याचा हप्ता जरा थकवा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, परवाना जाईल माझा!"

"तुमचं बरोबर आहे हो. पण हे गेले तेव्हा घर कसं खायला उठलं होतं, ते मला विचारा. पुन्हा नाही सोसवणार." आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

कंत्राटदाराला सकाळपासून जेवण गोड लागेना. दुपारी मशीनवाले आले, खुर्चीत बसले. त्याने पैसे पुढे केले. "घ्या. हा शेवटचा."

मशीनवाल्यांनी पैशांकडे बघितलं, मग पलीकडे चटईवर आडव्या झालेल्या सासूबाईंकडे बघितलं.

"आज नको. फार दमलोय. उद्या बघू."

"अहो, हप्ता चुकला तर तक्रार होईल!"

"कोण करणार तक्रार? मीच ना?" मशीनवाल्यांनी डोळे मिटले. "मला नाही बाबा वेळ."

"असं कसं? माझं बिल आहे, मला फेडू द्या!" तो नोटा त्यांच्या खिशात कोंबायला गेला, तेवढ्यात बायकोने त्याला मागे ओढलं.

"श्श! थकू द्या हो बिल. झोपमोड होईल त्यांची."