सवाष्णीचे पांढरे दात

"बुधवारी मी आनि आवडी ठाण्याला डॉक्टरकडं जातोय," नाथा मुकादमाने मारुतीच्या पारावरून जाहीर केलं. "कशाला ते आता सांगनार नाय. पन परत येऊ तवा अख्खं कळवा तोंडात बोट घालंल! लिवून ठेवा!"

नाथा म्हणजे खाडीकाठच्या मिठागरावरचा मुकादम. कामात वाकबगार, पण बोलण्यात त्याहून चार पावलं पुढे! त्याने नुसतं "जेवलो" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला गावजेवण झाल्यासारखं वाटावं. त्यामुळे पारावरच्या मंडळींनी माना डोलावल्या आणि मनातल्या मनात अर्थ लावला, मुकादमाला काहीतरी मोठा आजार झालाय, आणि गडी सांगायला लाजतोय.

आजारबिजार काही नव्हता. भानगड होती दातांची.

नाथाच्या लेकीचं, तुळसाचं, मोहने गावच्या उत्तमशी जमलं होतं. उत्तम रेयॉनच्या कारखान्यात कामाला. महिन्याच्या महिन्याला पगार, अंगात इस्त्रीचा सदरा. गुरुवारी मोहन्याची माणसं सुपारी फोडायला यायची होती. नाथा पसंती सांगायला मोहन्याला गेला, तेव्हा होणारी विहीण हौसाबाई चहा देताना हसली आणि नाथाचे डोळेच दिपले. बाईचे दात पांढरेशुभ्र! नवरा समोर धडधाकट बसलाय, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दात पांढरे!

कळव्यात असं कोणी पाहिलं नव्हतं. कळव्यात दातवण म्हणजे सवाष्णीचं लेणं. कुंकवाच्या खालोखाल त्याचा मान. लग्न झालं की दातवण लावून दात काळेभोर करायचे, आणि नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि राखाडीने दात घासघासून पांढरे करायचे. नाथाच्या बायकोचे, आवडाबाईचे, दात तर असे काळे की जांभळाच्या बिया वाटाव्यात. पंचवीस वर्षांची मेहनत होती ती!

"ती मानसं सुधारलेली हायत," नाथा घरी येऊन म्हणाला. "तुजं तोंड बघून आपल्याला अडानी समजतील. उद्या तुळसाला टोमणे ऐकावे लागतील. दात पांढरे करून घे."

"नवरा जिता असताना?" आवडाबाईने कपाळावर हात मारला. "लोक काय बोलतील?"

"मी हाय ना बाजूला उभा! जिता नवरा बघितल्यावर कोन काय बोलनार?"

आवडाबाई तयार झाली ती वेगळ्याच कारणाने. दोन वर्षं तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. भाकरीचा तुकडा मोडला की त्यावर लाल डाग. दात पांढरे होवोत की हिरवे, तिला सुखाने भाकरी खायची होती.

बुधवारी दोघं ठाण्याला गुप्ते डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांकडे एक उंच खुर्ची होती आणि शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं एक यंत्र. त्याच्या टोकाला गरगर फिरणारी सळई. ते पाहिल्याबरोबर नाथा खुर्चीपासून दोन हात मागे सरला.

डॉक्टरांनी आवडाबाईच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि ते चुकचुकले. "बाई, दातवणाखाली किटण साचलंय आणि हिरड्यांत पू झालाय. आणखी वर्षभर थांबला असतात तर दात हातात आले असते. सगळं खरवडून काढावं लागेल. आणि घरी गेल्यावर रोज कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायच्या."

नाथा खो खो हसला. "डॉक्टर, आमी मीठ पिकवनारी मानसं! तुमच्याकडं औषधाला आलो, आनि तुमी आमचंच मीठ आमाला सांगता?"

"पिकवता ना? मग तोंडात कधी घेतलंत?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. नाथाने पटकन तोंड मिटलं. तोंडात तंबाखू होती.

यंत्र सुरू झालं. खरवडणं झालं, घासणं झालं, हिरड्यांना झोंबरं औषध लागलं. आवडाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शेवटी डॉक्टरांनी ओल्या टॉवेलाने तिचं तोंड पुसलं, ते पार कपाळापर्यंत. कुंकूही त्याबरोबर गेलं, पण हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण त्याच वेळी डॉक्टरांनी आरसा धरला आणि आवडाबाईने ओठ विलगले.

या वयाची, अशा पांढऱ्या दातांची बाई नाथाने आपल्या घरात एकदाच पाहिली होती. त्याची आई. बाप गेल्यानंतरची. तो मनापासून घाबरला. जिवंतपणी आपलीच विधवा आपल्यापुढे बसलीय असं त्याला वाटलं, आणि त्याने हळूच स्वतःची नाडी चाचपली. लागत होती.

"झ्याक दिसतंय," तो कसाबसा म्हणाला.

डॉक्टरांनी तिच्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले. "घरी जाऊन तासभर होईपर्यंत बोळे काढायचे नाहीत. बोलायचं तर अजिबात नाही." मग ते नाथाकडे वळले. "आता तुम्ही बसा."

"मी? आज नको. आज मना लय घाई हाय!" नाथा पायरी उतरलासुद्धा.

बाहेर येताच त्याची फुशारकी परत आली. त्याने आवडाबाईला टांग्यात बसवलं. "तू हो पुढं. मी सुपारीचं सामान आनि पेढं घेऊन आलोच. पदर तोंडावरनं काढू नको! सगळ्यांपुढं मी सोता दाखवनार!"

जो बाजूला उभा राहणार होता, तो असा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर पेढे चाखत उभा राहिला.

पुढचं त्याला मागाहून तुळसाने सांगितलं. टांगा दाराशी थांबला. आवडाबाई उतरली ती एकटी. शेजारची रखमाबाई पाखडता पाखडता उठली. रखमाबाई म्हणजे गावातल्या प्रत्येक मयताची पहिली मानकरी. कोणाच्या घरी रडायचं असलं की तिचा गळा आपोआप मोकळा होई.

"आवडे, रडतेस का? नाथा कुठं हाय?"

आवडाबाईला बोलायची बंदी. तिने हात उचलून लांब, ठाण्याच्या दिशेने दाखवला. रखमाबाईने त्या दिशेला पाहिलं. तिला फक्त आभाळ दिसलं.

"अगं बाय! आनि तुजं कुंकू?"

आवडाबाईने दचकून कपाळाला हात लावला. पदर सुटला, तोंड उघडलं आणि भर दुपारच्या उन्हात बत्तीसच्या बत्तीस दात लखलखले!

रखमाबाईने असा टाहो फोडला की टांग्याचा घोडा उधळला. "गेला गं, नाथा गेला! डॉक्टरकडं गेला तो तिकडंच गेला! बिचारीचे दात पन घासून धाडले मेल्यांनी!"

घटकाभरात आळी जमली. आवडाबाई मान हलवून, हात जोडून "उंऽ उंऽ" करत होती. बायका म्हणाल्या, "दुःखानं वाचा गेली." तिने बोळे काढायला तोंडात बोटं घातली, तर दोघींनी तिचे हात धरले. "जीभ उपटून जीव देईल, सोडू नका!" तुळसा बापाच्या नावाने जमिनीवर लोळत होती. एकीने शंका काढली, दात घासले पण बांगड्या कशा राहिल्या? रखमाबाईकडे उत्तर तयार होतं. "ठाण्याची रीत उलटी असंल. ऱ्हायलंय ते आपन करू. दगड आना!"

नेमका तेव्हा नाथा पेढ्यांचा पुडा घेऊन आळीत शिरला. दारासमोर माणसं, मडकं, बांबू. शेजारचा काळुराम पाठमोरा बसून तिरडी बांधत होता.

"कोन गेला रं?" नाथाने हळूच विचारलं.

"नाथा गेला," काळुराम मान वर न करता हुंदका देत म्हणाला.

"कंचा नाथा?"

"आपला मुकादम. ठाण्याच्या डॉक्टरनं घालवला."

इतकी माणसं रडताहेत म्हणजे खरंच असणार, असं नाथाला क्षणभर वाटलं. "कवा?" त्याने विचारलं.

"दुपारीच."

दुपारी तर मी पेढे चाखत होतो! नाथाला जरा धीर आला. आणि इतक्या घाईतही त्याला मोह आवरला नाही. "मानूस कसा व्हता?"

"फुशारक्या लय मारायचा," काळुराम सुतळी ओढत म्हणाला. "पन मेलेल्या मानसाबद्दल वाईट बोलू नये म्हनून गप बसलोय."

नाथा काही बोलणार, तेवढ्यात आतून रखमाबाईचा आवाज आला, "हात घट्ट धरा तिचा!" त्याने पुडा फेकला आणि तो आत घुसला. "थांबा! मी जिता हाय!"

मग जो आरडाओरडा झाला, त्याला तोड नाही! "भूत! भूत!" करत बायका मोरीतून, चुलीवरून बाहेर पडल्या, एक तर खिडकीतून. रखमाबाईच्या हातातला दगड सुटला तो नाथाच्या अंगठ्यावर. "आई गं!" नाथा एका पायावर नाचू लागला. भूत काही असं नाचत नाही, म्हणून लोकांचा थोडा विश्वास बसला. आवडाबाईने दोन्ही बोळे थुंकून टाकले आणि तासाभरातलं पहिलं वाक्य बोलली.

"कुठं मेला व्हतात इतका येळ?"

तुळसा बापाच्या गळ्यात पडली. सगळे हसू लागले. फक्त काळुराम हसला नाही. तो दारात कान खाजवत उभा होता.

"मुकादम, एक घोटाळा झाला. आळीतल्या गणूला सायकलवर मोहन्याला धाडला. उद्याची सुपारी होनार नाय, पोरीचा बापूस गेला, असा निरोप देऊन."

नाथा मटकन खाली बसला. मरण परवडलं असतं! सुपारीच्या आदल्या दिवशी पोरीने बाप खाल्ला, असं मोहन्यात एकदा कोणी म्हणालं की तुळसाला आयुष्यभर कोण विचारणार? आळीत सायकल होती एकच, आणि ती घेऊन गणू केव्हाच शीळफाटा ओलांडून गेला होता. तुळसा उठून आतल्या खोलीत गेली आणि दाराआड बसली. तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, आणि तेच नाथाला जास्त लागलं.

दिवे लागायच्या वेळेला भाजीच्या रिकाम्या लॉरीतून मोहन्याची मंडळी आली. पुढे व्याही धोंडीबा, मागे तोंडावर पदर घेऊन मुसमुसणारी हौसाबाई. दारात नाथा उभा होता. पुढे यावं की लपावं, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

धोंडीबाने त्याला पाहिलं आणि लॉरीचा दांडा घट्ट पकडला. "तू... जिता हायस?"

"हाय," नाथा खाली मान घालून म्हणाला. "माफ करा."

सगळी हकीकत ऐकताना धोंडीबाचं तोंड लाल होत गेलं. "जित्या मानसाची तिरडी? शुभकार्याच्या आदल्या दिवशी? हा अपशकून आमच्या घरात नको. सोयरीक मोडली!"

दाराआडून एक बारीकसा आवाज आला. तो ऐकताच आवडाबाई पुढे झाली. दुखरं तोंड दाबत ती हौसाबाईपुढे उभी राहिली. "विहीनबाय, पोरीचा काय दोष? चूक आमची. तुमच्यासारखं दिसावं म्हनून मी हे करून घेतलं. बघा!" आणि तिने पांढरे दात दाखवले.

हौसाबाई बघतच राहिली. मग तिच्या तोंडून विचित्र हुंकार निघाला. तिने सावकाश पदर खाली केला आणि तोंड उघडलं.

काळेकुट्ट! डांबर फासल्यासारखे! दातांना, हिरड्यांना, थोडंसं हनुवटीलासुद्धा!

"आठ दिस झाले, दातवन लावते गं रोज," हौसाबाई सुजलेल्या तोंडाने म्हणाली. "कळव्याची मानसं जुन्या वळनाची. पांढऱ्या दाताची सवाष्ण बघून नाक मुरडतील, पोराची सोयरीक मोडंल, म्हनून. हिरड्या फुगल्या, जेवन जाईना, पन म्हटलं पोरासाठी सोसावं."

नाथाने आ वासला. धोंडीबाचा आ तर त्याआधीच वासलेला होता. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मग आवडाबाईला हसू फुटलं. तिचं पाहून हौसाबाईला. हसलं की हिरड्या दुखत, दुखल्या की दोघी "आई गं" म्हणत आणि पुन्हा हसत! शेवटी हौसाबाई डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "ज्याच्या मरनाची आवई उठते, त्याचं आयुष्य वाढतं. याच्यापरीस मोठा शकून कंचा? गप बसा आनि सुपारी काढा!"

धोंडीबा गप बसला. सुपारी तिथंच, तिरडीच्या बांबूवरच फुटली. पेढे मात्र धुऊन खावे लागले.

चार दिवसांनी नाथा आपल्या विहिणीला घेऊन गुप्ते डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी काळे दात पाहिले, सुजलेल्या हिरड्या पाहिल्या आणि चष्मा वर केला. "अहो, हे तर मी परवाच साफ केलं होतं!"

"ती बायको. ही विहीन," नाथा म्हणाला.

हौसाबाईचं काम आटोपलं. डॉक्टरांनी हात धुतले, खुर्ची झटकली आणि सळई हातात घेऊन नाथाकडे पाहिलं. "या मुकादम. आज तरी घाई नाही ना?"

अख्ख्या मिठागरावर दरारा असलेला नाथा मुकादम भिंतीला पाठ लावून दाराकडे सरकला.

"माजं काय करता डॉक्टर," तो केविलवाणा हसत म्हणाला. "मी बुधवारीच गेलो. पटत नसंल तर कळव्यापासनं मोहन्यापर्यंत कोनालाबी विचारा!"