मानेला रकाना नाही

सोलापूरच्या मल्लिनाथ बिराजदारांच्या मानेतले चार मणके मागच्या श्रावणात डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू लावून एकमेकांना कायमचे जोडले. ऑपरेशन यशस्वी झालं. हातातल्या मुंग्या गेल्या, दुखणं गेलं, आणि त्याबरोबर मान वळणंही गेलं. बिराजदार एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तीस वर्षांच्या नोकरीत चार टेबलांचं एकमत झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आपल्याच चार मणक्यांचं त्यांना कौतुक वाटलं.

आता कुणी हाक मारली की ते कमरेपासून अख्खे वळत. 'नाही' म्हणायचं तर खांद्यांसकट डावीकडून उजवीकडे जावं लागे, म्हणून घरात ते शक्यतो 'हो'च म्हणत. तसे ते आधीही म्हणत.

मान कशाने गेली हे डॉक्टरांनी दोन प्रश्नांत शोधलं होतं.

"गाडी चालवता का?"

"व्हय की. रोज."

"आणि चालवताना फोन आला तर?"

"हातात धरत नाही हं, डॉक्टर," बिराजदार अभिमानाने म्हणाले. "दोन्ही हात स्टिअरिंगवर. फोन खांद्यावर ठेवायचा आणि वरून कान दाबायचा. बावीस वर्षं झाली, एकदाही पडला नाही."

"फोन पडला नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली.

पण हा प्रश्न आता मानेचा राहिला नव्हता, चहाचा झाला होता. ऑपरेशनच्या दिवशी त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई अक्कलकोटच्या स्वामींना नवस बोलल्या होत्या. साधा नारळाचा बोलल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. पण एवढी वर्षं लिपिकाच्या घरात काढल्यामुळे त्या नवसही अटी-शर्तींसह बोलल्या. हे बरे होतील, स्वतः गाडी चालवत मला तुमच्या दारात आणतील, तोवर चहाच्या थेंबाला शिवणार नाही.

सरोजिनीबाई दिवसाला सात कप चहा घेत. नवसानंतर पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं दुखलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे डबे उतरवून घासले, तिसऱ्यात शेजारच्यांचे. दुसऱ्या महिन्यापासून त्या खरं बोलू लागल्या. नणंदेला तिच्या पुरणपोळीबद्दल, भिशीतल्या बायकांना त्यांच्या सुनांबद्दल आणि सुनांना त्या बायकांबद्दल. बिराजदारांना स्वतःच्या स्वभावाविषयी इतकी माहिती मिळाली की ते स्वतःचा चहा न्हाणीघरात नळ सोडून पिऊ लागले.

"बसनं जाऊन येऊ या की गं," त्यांनी एकदा सुचवलं.

"नवसात बस न्हाय."

"ड्रायव्हर घेऊ एखादा."

"नवसात 'स्वतः' हाय."

"स्वामी घेतील समजून."

"स्वामी घेतील की. मी न्हाय घेणार."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मान मागे वळवता येणार नाही. मोठे आरसे बसवून गाडी चालवण्यास हरकत नाही. अशा वेळी शहाणा माणूस चिठ्ठी खिशात घालतो आणि किल्ली फिरवतो. बिराजदारांनी जे केलं ते फक्त एक लिपिकच करू शकतो. त्यांनी रीतसर अर्ज केला.

अर्ज गेला तो 'वाहनचालक अवयव सुयोग्यता कक्षा'कडे. तिथे खिडकीवर रुद्रप्पा नावाचे कारकून बसत. त्यांनी छापील नमुना पुढून पाहिला, मागून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"डोळे हायत. कान हायत. हातपाय हायत. रंग वळखता येतात का, तेबी हाय. मान न्हाय की हितं."

"म्हणजे?"

"म्हणजे नमुन्याप्रमाणं माणसाला मानच नसती. डोकं डायरेक खांद्यावर. मग तुमची गेली काय आन् राहिली काय? जावा घरी, चालवा गाडी."

"तसं लिहून द्या."

रुद्रप्पांनी पेन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. "साहेब, तुमी आमच्यातलेच ना? मग सांगितलं कशाला? कुणी विचारलं होतं काय?"

"नियमाप्रमाणे कळवणं माझं कर्तव्य…"

"आता आवकचा शिक्का पडला. शिक्का पडला म्हंजे मान आली. मान आली म्हंजे अहवाल आला. लई वाईट केलात."

कक्षाच्या प्रमुख ऋतुजा मॅडम स्पर्धा परीक्षेतून नुकत्याच आलेल्या, हुशार आणि कामसू होत्या. त्यामुळे अर्ज कपाटात पडून सुखाने मरण्याची शक्यता संपली. गाडी चालवताना मान लागते का, आणि लागत असल्यास कशासाठी, हे ठरवायला त्यांनी नवी पेठेच्या तोंडाशी दोन कर्मचारी, दोन खुर्च्या आणि एक छत्री तीन दिवस तैनात केली. अहवाल आला तो असा:

'निरीक्षणाखालील एक हजार एकशे बारा चालकांपैकी मागे वळून पाहणारे सात आढळले. पैकी चौघे दुकानातील साड्या पाहत होते. दोघे धक्का दिलेल्या इसमास शिवी देत होते. एकाची पत्नी मागील सीटवरून उतरून घरी गेली होती, ते त्यास तिच्याशी बराच वेळ बोलल्यावर समजले. सबब, वाहतुकीच्या हेतूने मागे पाहणारे निरंक. तथापि मानेचा वापर पुढील कामी सर्रास होत असल्याचे दिसून येते. फोन कान व खांदा यांमध्ये धरणे, मांडीवरील फोनमध्ये पाहणे, वाढदिवसाच्या फलकावर स्वतःचा फोटो शोधणे, मावा थुंकण्यासाठी खिडकीबाहेर डोके काढणे, तसेच चालत्या गाडीवरून देवळास मान लववणे. अर्जदार या पाचही कामी असमर्थ दिसतात.'

तरी मॅडम न्यायी होत्या. त्यांनी प्रत्यक्ष चाचणी ठेवली.

चाचणीसाठी बिराजदार आरसे घ्यायला गेले. दुकानदाराने विचारलं, "फुटला काय जुना?"

"नाही. मोठा पाहिजे. मागचं दिसायला."

"मागचं कशाला बघायचं?" दुकानदार चकित झाला. "मागचा हॉर्न मारतो की."

त्यांनी तीन आरसे घेतले. दुकानदाराने ते आतल्या खोलीतून, धूळ झटकून आणले आणि पिशवीत घालताना घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

सोमवारी अकरा वाजता चाचणी सुरू झाली. शेजारी मांडीवर फाईल घेऊन ऋतुजा मॅडम, मागे शिक्का घेऊन रुद्रप्पा. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला आणि बिराजदार थांबले. मागे हॉर्न सुरू झाले. मग एक धप्प असा आवाज आला. एक गृहस्थ स्कूटरसकट त्यांच्या बंपरला येऊन टेकले होते. डोकं खांद्यावर कललेलं, मधे फोन, पुढच्या हुकाला कडबोळ्यांची पिशवी. ते स्कूटर रेटत खिडकीपाशी आले.

"ओ काका, थांबलात कशाला?"

"लाल लागलाय."

गृहस्थांनी फोन न पाडता जमेल तेवढी मान उचलून चौक न्याहाळला. "पोलीस तर कुटं दिसंना." मग फोनमध्ये म्हणाले, "न्हाय न्हाय, लागलं न्हाय. एक येडा मधीच थांबलाय. बोल तू."

मॅडमनी टिपून घेतलं: 'अर्जदार सिग्नलला थांबतात. मागील चालकांस याची पूर्वकल्पना नसते.'

मग गाडी मागे घेण्याची चाचणी. सवयीप्रमाणे रुद्रप्पा खाली उतरले आणि डिकीवर थापा मारत ओरडू लागले, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…" आपल्याकडची पद्धत अशी की यातलं 'बस्स' हे गाडी भिंतीला लागल्यावर म्हणायचं असतं. बिराजदारांनी तिन्ही आरशांत पाहिलं आणि भिंतीच्या वीतभर अलीकडे गाडी थांबवली. रुद्रप्पांचं 'बस्स' तोंडातल्या तोंडात राहिलं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे आरशात बघायलेत."

मॅडमनी बराच विचार केला. परीक्षेत बाहेरची मदत चालत नाही, आणि तीनपैकी दोन आरसे तर गाडीच्या चक्क बाहेर होते. निकाल लिहिला गेला: अयोग्य.

संध्याकाळी बिराजदार घरी आले तेव्हा सरोजिनीबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी आलं घालून चहा केला. कप हातात घेतला, क्षणभर नाकाशी धरला, डोळे मिटून वास घेतला आणि मुकाट्याने नवऱ्यापुढे ठेवला. खरं बोलणारी बायको परवडली, पण ही गप्प बायको बिराजदारांना बघवेना. ऑपरेशनला नेताना आलं नव्हतं तेवढं रडू त्यांना आलं. चहा तसाच निवला. मग त्यांनी डोळे पुसले आणि कोरा कागद पुढे ओढला.

सरकारात हक्क मागू नये, सूट मागावी, हे ज्ञान त्यांनी तीस वर्षांत कमावलं होतं. फक्त ते आजवर दुसऱ्यांचे अर्ज नाकारायला वापरलं होतं. त्यांनी लिहिलं:

'अहवालातील पाच कामांपैकी चार नियमाने निषिद्ध असून पाचवे घरी देव्हाऱ्यापुढे करता येण्याजोगे आहे. मानेच्या आजारामुळे मी वाहतुकीचे नियम मोडण्यास कायमचा असमर्थ झालो आहे. सबब, मला सर्वसाधारण प्रथेतून सूट मिळावी, व वैद्यकीय कारणास्तव वाहतुकीचे नियम पाळण्याची विशेष बाब म्हणून परवानगी मिळावी, ही विनंती.'

ऋतुजा मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. "रुद्रप्पा, अशी परवानगी पूर्वी कुणाला दिली आहे?"

"कुणी मागितलीच न्हाय, मॅडम."

"पण एकाला दिली तर उद्या सगळेच मागायला येतील."

"न्हाय येणार," रुद्रप्पा शांतपणे म्हणाले. "ती काळजी करू नगा."

परवानगी मिळाली. मुदत सहा महिने, नूतनीकरणास पात्र. अट एकच. इतर वाहनचालकांच्या सुरक्षिततेसाठी गाडीच्या मागे लाल अक्षरांत फलक लावावा: 'सावधान! हा चालक सिग्नलला थांबतो व आरशात पाहतो. वैद्यकीय कारणास्तव.'

गुरुवारी सकाळी दोघं निघाली. सरोजिनीबाईंनी इरकल नेसली होती आणि मांडीवर नारळ धरला होता. वाटेतल्या कुंभारी गावापर्यंत त्या रस्त्याकडे न बघता नवऱ्याकडेच बघत होत्या. फलक वाचून ट्रकवाले बिचकून लांब राहत होते. एका रिक्षावाल्याने तर मुलांना आत ओढून घेतलं. जो पुढे निघे तो मान मुरडून या चमत्कारिक माणसाचा चेहरा बघून घेई. मागे वळून पाहणाऱ्यांची संख्या त्या दिवशी निरंक राहिली नाही.

अक्कलकोटला दर्शन झालं. बाहेर अक्कम्मा नावाच्या बाईच्या चहाच्या टपरीवर सरोजिनीबाईंनी कप दोन्ही हातांत धरला, पहिला घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अक्कम्मा घाबरली. तिला वाटलं साखर विसरली.

"इन्नोंदु?" 'आणखी एक?' असं तिने कानडीत विचारलं.

"इन्नोंदु," सरोजिनीबाई म्हणाल्या. मग तिसराही घेतला. तिसऱ्या कपानंतर त्या पूर्ण बऱ्या झाल्या आणि पुन्हा पहिल्यासारखं खोटं बोलू लागल्या.

"लई झाक चालवता हो तुमी," त्या गाडीत बसताना म्हणाल्या. "आन् माझ्या नणंदेसारखी पुरणपोळी कुणाला जमत न्हाय."

बिराजदारांना इतका आनंद झाला की त्यांनी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना हात दाखवला.

परत येताना वळसंगच्या पुढे मधल्या आरशात एक गाडी दिसली. भरधाव येत होती. चालवणाऱ्याचं डोकं खांद्यावर कललेलं, मधे फोन. तुम्हीच होतात. उगाच नाही म्हणू नका. तुमची मान अजून हलते म्हणून तुम्हाला नाही म्हणता येतंय, एवढंच. बिराजदारांनी तुम्हाला लांबूनच पाहिलं आणि गाडी डावीकडे घेऊन वाट करून दिली, त्यामुळे आज तुम्ही बसून हे वाचू शकता. तुम्ही हॉर्न मारत पुढे गेलात. जाता जाता मागे वळून बघितलंत, हसलात आणि फोनमध्ये म्हणालात, "काय न्हाय रे, एक येडा चाललाय."

"कोण हो ते?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "एवढं बघून हसत गेले. वळखीचे हायत काय?"

"माणूस नाही ओळखला गं," बिराजदार समोर बघत म्हणाले. "मान ओळखीची वाटली."