मे महिन्यातली माकडटोपी

आमच्या शेजारचे निवृत्तीभाऊ मे महिन्यात स्वेटर घालतात. वर माकडटोपी. नाशिकचं ऊन डोकं फोडतं, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि हा माणूस भाजीवालीच्या हातगाडीपुढे उभा राहून हात चोळतो.

"आज आमच्याकडे उणे आठ!"

भाजीवाली मला हळूच विचारते, "आजी, यांची तब्येत बरी हाय ना?"

चांगली ठणठणीत आहे. 'आमच्याकडे' म्हणजे हिमाचलात. त्यांची एकुलती एक मुलगी मीनल तिथं उंच डोंगरावर नोकरीला आहे. बर्फात काठ्या रोवते आणि तो किती वितळला ते मोजते. ऊन, वारा, थंडी, सगळं मोजते. रोज सकाळी फोन करून बापाला तिथली हवा सांगते आणि बाप त्याप्रमाणे कपडे घालतो. माझ्या चौथीच्या पुस्तकात शून्याच्या खाली काही नव्हतं. यांनी मला तेही शिकवलं, मी विचारलं नसताना.

यांचा जन्म गेला लासलगावला, कांद्याच्या मार्केटात. बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला. पण बोलणं ऐका! मी आंघोळीचा बंब पेटवला की भिंतीवरून ओरडतात, "वहिनी, तुमच्या बंबानं आमचा बर्फ वितळतो!"

"तुमच्या बर्फाला सांगा, माझे गुडघे दुखतात," मी म्हणते.

बरं, पोरीशी तरी धड बोलावं? "तापमान? वारा? रात्री बर्फ किती पडला? बरं, ठेव." संपला फोन. एकदा मी म्हटलं, "अहो भाऊजी, जेवलीस का, एवढं तरी विचारा."

"ती ड्युटीवर असते, वहिनी. खासगी बोलणं बरं दिसत नाही."

मी कपाळावर हात मारला. बायको गेल्यापासून यांना खासगी बोलायला दुसरं आहे कोण?

गेल्या मे महिन्यात मीनलचा फोन येईना. टीव्हीवर सांगितलं, तिकडे अवेळी बर्फ पडलाय, रस्ते बंद, फोन बंद. दोन-तीन दिवस गेले. भिंतीपलीकडे सामसूम. मी बंब पेटवला, मुद्दाम धूर केला. कोणी ओरडलं नाही. तेव्हा मात्र उठून गेले.

भाऊ नुसत्या बनियनवर बसले होते. स्वेटर आणि टोपी खुर्चीवर.

"आलात एकदाचे शुद्धीवर," मी म्हटलं.

"तसं नाही, वहिनी. तिथं हवा कशी आहे तेच कळत नाही. काय घालू?"

मला अशा वेळी गोड बोलता येत नाही. टोपी उचलली, त्यांच्या डोक्यात घातली. स्वेटरच्या बाह्यांत हात कोंबले. "थंडीच असणार. बसा मुकाट्यानं."

बसले, घामानं निथळत. मी चहा ठेवला. तो उकळेपर्यंत फोन वाजला. मीनल इतकी ओरडत होती की मलाही ऐकू आलं. "बाबा, उणे बारा! वारा..."

"ते राहू दे," भाऊ म्हणाले. "जेवलीस का?"

पलीकडे पोरगी बोलतच सुटली. भात कच्चा राहतो, लोणचं संपलं, असलंच काहीबाही. हे नुसते हं, हं करत होते. टोपीतून घाम फोनवर टपकत होता. मी टोपी काढायला गेले, तर माझा हात झटकला.

मग काय, पंखा पाचवर केला आणि बंब विझवायला घरी गेले.